एक दहाची नावं

"घरात कोण हाय? पाणी आणू नका. आधी ऐका."

द्वारका सात वर्षांची असताना हा आवाज अंगणाच्या कडेला उभा राहिला होता. आवाज दौलूचा. गावात कुणी गेलं की पै-पाहुण्यांच्या गावी सांगावा न्यायचं काम गावानं त्याच्या घरावर लादलेलं. त्यानं ते मागितलं नव्हतं, आणि नको म्हणायची सोय त्याला कुणी ठेवली नव्हती. बारा कोस अनवाणी चालत आला, तरी सांगून होईपर्यंत तो पाण्याला शिवत नसे. त्या दिवशी त्यानं सांगितलं की खाणीवर गेलेला बाप आता येणार नाही. आई उंबर्‍यावर बसली. दौलू मात्र उभाच राहिला, तिचं पहिलं रडू ओसरेपर्यंत. पुढं कैक वर्षं भाकर्‍या थापता थापता आई म्हणायची,

*आला सांगावा सांगावा, उभा दारात दारात*
*आधी बोल, मग पाणी, जीव अडला घशात*

दौलू गेला, त्याच्या लेकरांनी ते काम टाकलं, बरं केलं. सांगावा मग तारेनं आला, फोननं आला. सोनघळच्या पंचक्रोशीत मात्र तो रेडिओवरून येऊ लागला. दुपारच्या बातम्या संपल्या की एक वाजून दहा मिनिटांनी सोनघळ केंद्र शोकवार्ता वाची. नाव, गाव, वय, मागं कोण कोण. ही वेळ जेवणाची. पण नावं संपेपर्यंत कुणी घास तोंडात घालत नसे. सासू सुनेला डोळ्यांनीच दटावी, पोरं ताटावर हात धरून बसत. नावं संपली की कुणी जेवे, कुणी ताट सारून चपला घाली. संध्याकाळपर्यंत दुखवट्याच्या घरी बसायला जागा नसे.

ही नावं एकतीस वर्षं द्वारका भोईटेनं वाचली.

निवृत्तीच्या वर्षी केंद्रानं तिचा आवाज चाळीस तास भरून घेतला. हसण्याचा, रडण्याचा, प्रार्थनेचा, पत्रं वाचण्याचा, शोकवार्तेचा. त्यावरून यंत्र आता दिवसभराचं सगळं तिच्या आणि आणखी पाचसहा जणांच्या आवाजात बोलत होतं. चिंतन, बाजारभाव, आरोग्याचे चार शब्द, पत्रोत्तर, श्रुतिका, मुलांची गोष्ट. स्टुडिओत माणूस उरलं होतं एकच, तेही द्वारकाच. कायदा असा झाला होता की प्रत्येक केंद्रावर एका माणसानं दिवसभराचं प्रसारण कानानं ऐकावं आणि संध्याकाळी वहीत सही करावी. त्या हुद्द्याला साक्षी म्हणत. म्हणजे बाई स्वतःचाच आवाज सकाळी सहापासून ऐकत बसे.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी साडेआठच्या आरोग्य-सल्ल्यात तिचा आवाज सांध्यांच्या दुखण्यावर बोलत होता, तेव्हा काचेपलीकडं एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर स्वच्छ, दाढी वाढलेली. तिनं हेडफोन काढला.

"मी धोंडीराम खरमाटे. पिंपरखेडचा." तो बसला नाही. "बाई, माझ्या मंडळीचं नाव तुम्ही वाचलंत ना?"

"कधी गेल्या?"

"आषाढात. एकादशीच्या दुसर्‍या दिवशी. नाव मी स्वतः आणून दिलं होतं हितं."

द्वारकेला आठवलं. पार्वती धोंडीराम खरमाटे, वय एकोणसत्तर. "वाचलं की. माझ्या कानानं ऐकलं मी."

"मग दारात कोणी का आलं न्हाई?" म्हातार्‍याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आमच्या घरी लगीन असलं की चारशे पान उठायचं. हिनं गावातल्या पन्नास बाळंतिणी सोडवल्या. दहाव्याला मी आन कावळा. पाच महिनं मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं आसंल. गावानं वाळीत टाकलं आसंल. परवा दुकानात एक बाई म्हणती, 'पारूआक्का बर्‍या हायत का? लई दिसांत दिसल्या न्हाईत.' बाई, तिच्या घरात तुमचा रेडिओ दिवसभर चालतो."

तो गेला तेव्हा तिनं मागवलेला चहा तसाच राहिला होता. द्वारका उठली आणि मागच्या खोलीत गेली.

तिथं तस्नीम बागवान होती. यंत्रं तपासायला महिन्यातून दोन दिवस येणारी इंजिनिअर, तिशीची, बोलायला मोकळी. द्वारकेनं तिला म्हातार्‍याचं सांगितलं आणि विचारलं, "घरोघरी जातं ते आणि मी ऐकते ते, एकच ना गं?"

तस्नीमनं तिला खुर्ची ओढून दिली.

"बाई, तुमच्या लहानपणी गोष्ट सांगणारा हुंकारा मागायचा ना? 'हूं' आलं नाही की थांबायचा. आता घरोघरी रेडिओ म्हणून जी पेटी असते, तिचं नाव त्यावरूनच ठेवलंय, हुंकार. माणूस बोलतं ते ती ऐकतेच, पण त्याचा हुंकारा त्याच्या छातीतून घेते."

तिनं टेबलावरची पेटी पुढं सरकवली. भाकरीएवढी गोल, करडी. "ही बोलता बोलता एक आवाजही सोडत असते, आपल्या कानाला न लागणारा, फार बारीक. वटवाघूळ सोडतं तसा. तो तुमच्या छातीवर आपटून परत येतो. श्वास घेताना बरगडी हलते, काळजाच्या ठोक्यानं तर केसाच्या जाडीपेक्षा कमी हलते, पण परतीच्या आवाजात तेवढा फरक पडतो आणि पेटीला तो कळतो. श्वास कुठं अडला, ठोका कुठं वाढला, माणूस कधी कंटाळलं, कधी घाबरलं. मग पुढचं वाक्य ती त्याप्रमाणं घडवते. एकेका वाक्याची शेकडो रूपं तिच्याकडं तयार असतात. ज्यावर तुमचा श्वास मोडणार नाही ते ती निवडते."

"खोटं बोल असं कुणी सांगितलं तिला?"

"कुणीच नाही. आम्ही एवढंच सांगितलं होतं, ऐकणार्‍यानं बंद करता कामा नये. एकट्या राहणार्‍या म्हातार्‍या माणसांना सोबत व्हावी म्हणून. शोकवार्तेला लोकांचे श्वास अडत होते. काही जण पेटी बंद करायचे. मग तिनं एकेक नाव गाळायला सुरुवात केली. ज्याला जे सोसणार नाही, त्याला ते नाव नाही. पारूआक्का सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या. म्हणून त्या सगळ्यांच्याच पेटीतून गळाल्या." तस्नीम बोटांकडं बघत म्हणाली, "ज्याच्यावर माणसांचा जीव जास्त, त्याचं मरण कुणालाच कळत नाही, बाई. मी वर चारदा लिहून दिलंय. ते म्हणतात, ऐकणारे वाढलेत."

द्वारका बोटांवर दिवस मोजू लागली. पारूआक्कांचे नव्हे.

सव्वीस दिवसांपूर्वी केंद्रावर एक फोन आला होता. राजस्थानात उन्हावर वीज करणार्‍या सूर्यपट्ट्यांच्या माळावर काम करणारा तिचा भाचा रंगनाथ विजेचा धक्का लागून गेला. रंगनाथ म्हणजे अनसूयाअक्काचा एकुलता एक. अक्का द्वारकेची थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहत. अक्काला डोळ्यांनी धूसर दिसे, काळीज कमजोर, डॉक्टरांनी बजावलेलं की धक्का सोसणार नाही. फोन ठेवला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. घर पंधरा मिनिटांवर होतं. द्वारका उठली, दारापर्यंत गेली, परत आली. एकतीस वर्षं परक्यांची मरणं वाचलेल्या बाईला घरचं एक मरण सांगायला तोंड होईना. मग तिनं कागद घेतला आणि नाव, गाव, वय लिहून शोकवार्तेच्या खणात टाकलं. अक्का एक दहाला ऐकेलच. आवाज तर माझाच असेल, ती स्वतःला म्हणाली.

आणि तिनं हेडफोन लावून ते नाव ऐकलंही होतं.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. "भाकरी झाकून ठेवलीय," एवढंच म्हणाली. द्वारकेला वाटलं, हिनं ऐकलं. आता हिला बोलायचं नाही. तिसर्‍या दिवशी अक्का सहज म्हणाली, "रंगाचं बरं चाललंय म्हणे तिकडं." द्वारकेला वाटलं, दुःखानं हिच्या मनानं दार लावून घेतलं. डॉक्टरही म्हणाले, जबरदस्तीनं उघडू नका. रंगाच्या मित्रांनी अस्थी आणल्या त्या तिनं स्टँडवरूनच नदीला नेल्या. तेराव्याचा भात एकटीनं घाटावर ठेवला. गल्लीतलं कुणी भेटायला आलं नाही, तेव्हा वाटलं, अक्काची अवस्था बघून लोक लांब राहिले असतील.

"तस्नीम," ती म्हणाली, "पण मी तर ऐकलं होतं. माझ्या हेडफोनला तर केंद्राची तार आहे. सरळ."

"होती. जूनपासून तीही हुंकारातूनच जाते. खुर्चीच्या पाठीत बसवलंय." तस्नीमनं पडद्यावर काहीतरी उघडलं, वाचलं, आणि वाचल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं. "बाई, ते नाव सोनघळ केंद्राच्या एकाच श्रोत्याला ऐकू आलं. तुम्हाला. बाकी कुणाला नाही."

"मला का मग? माझा श्वास नाही अडला?"

"नाही," तस्नीम हळूच म्हणाली. "नोंद आहे इथं. त्या नावानंतर तुमचा श्वास मोकळा झाला."

द्वारकेनं पिशवी उचलली. साक्षीची खुर्ची दिवसाउजेडी रिकामी टाकून ती पहिल्यांदाच बाहेर पडली.

घराची खिडकी उघडी होती. आतून अकराचं पत्रोत्तर ऐकू येत होतं, तिच्याच आवाजात. ती दाराशी जाणार तोच थबकली.

"...आणि हे पत्र आलंय राजस्थानहून. रंगनाथ लिहितात, आईला सांगा, थंडी सुरू झालीय, तू विणलेला गळपट्टा रोज घालतो."

आत अक्का हसली. "खोटारडा. तो टोचतो म्हणायचा."

पेटी क्षणभर थांबली. मग द्वारकेच्या आवाजात म्हणाली, "पुढं लिहितात, टोचतो, पण आईचा आहे ना."

"हां, आता खरं बोलला," अक्का म्हणाली.

द्वारका खिडकीखालच्या पायरीवर बसली. भिंत जाड होती. भिंतीपलीकडचा श्वास पेटीला कळत नव्हता. संध्याकाळी ती घरात असली की पेटी साधंच काही बोले, बाजारभाव, हवामान. आता तिला कळलं का ते. खोलीत दोन छात्या असल्या की पेटी दोघींना सोसेल तेवढंच बोलायची. आणि रंगाचं जिवंत असणं द्वारकेला सोसणारं नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला. महिलांच्या कार्यक्रमात कुणी ओवी म्हटली, कुणाची म्हणून ती नव्हतीच, पेटीनं आत्ता रचलेली.

*लेक येईल येईल, ऊन उतरता उतरता*
*माय दिव्याशी बसली, वात सरता सरता*

ओवी गोड होती. आईच्या ओवीसारखी घशात अडत नव्हती, तुपासारखी उतरत होती. द्वारकेला तिचीच सर्वांत भीती वाटली. बातम्या झाल्या. त्यांत कुठं काही वाईट घडलं नव्हतं. एक दहा झाले. "आज एकही शोकवार्ता नाही," तिचा आवाज प्रसन्नपणे म्हणाला. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येत होता, आणि नीट कान दिला तर प्रत्येक खिडकीत वेगळं बोलत होता. कुठं दोन नावं, कुठं एक, कुठं नुसतं गाणं. सगळ्या घरांतून ताटं-वाट्यांचे आवाज येत होते. कुणी थांबलं नव्हतं.

अडीचच्या श्रुतिकेत दोन बहिणी होत्या. धाकटी थोरलीच्या केसांना तेल लावत तासभर बोलत होती, बालपणीचं, बोरांचं, विहिरीवरच्या भांडणांचं. अक्का मधे मधे तिला उत्तरं देत होती. "द्वारके, तूच पाडली होतीस गं कळशी," म्हणून हसत होती. आणि धाकटी कबूल करत होती.

द्वारकेनं अक्काच्या केसांना तेल लावल्याला किती वर्षं झाली, ते तिला मोजता येईना.

काय करायचं? पेटी बंद पडली आणि खरं एकदम कोसळलं, तर अक्काचं काळीज थांबेल. नाही सांगितलं, तर अक्का अशीच हसत हसत एक दिवस जाईल. तिचं नाव खणात पडेल, कुणाला सोसणार नाही म्हणून गळेल, आणि दारात कुणी येणार नाही. रंगाला रडणारं तर जगात कुणी उरलेलंच नाही. पोराला मरून सव्वीस दिवस झाले आणि त्याच्या आईनं त्याच्यासाठी एक हुंदका दिलेला नाही. द्वारका पायरीवरून दोनदा उठली आणि दोनदा बसली. तिन्हीसांजेला शेजारची अंगणं झाडून झाली, तेव्हा ती आत गेली.

अक्का पलंगावर बसली होती, पेटी मांडीवर घेऊन, मांजर घ्यावं तशी.

"आलीस? आज लवकर?"

पेटी तेवढ्यात कांद्याच्या भावावर गेली होती.

"अक्का, ही जरा बंद करू?"

"का? तुझाच तर आवाज आहे. दिवसभर पेटीत किती गोड बोलतेस गं. घरी आलीस की दगड." अक्का रागानं बोलत नव्हती, थट्टा करत होती. "मी तर म्हणते, तू तिकडंच राहा, हिला घरी पाठव."

द्वारकेनं पेटीकडं हात नेला. अक्कानं ती छातीशी धरली. वायर कधीच नव्हती, पेटी महिनाभर आपली आपण चाले. द्वारका समोर चटईवर बसली. तिनं श्वास घेतला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून जे पहिलं आलं ते आलं.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

अक्काचा श्वास अडला. पेटीला तो कळला.

"...की आजच्या भागात रंगनाथ येऊ शकले नाहीत," पेटी म्हणाली. द्वारकेचाच आवाज, तेच चढउतार, तिच्या वाक्याच्या शेपटाला जोडलेले. "पण त्यांचा निरोप आहे. उद्या ते स्वतः बोलणार आहेत."

"हात्तिच्या," अक्कानं श्वास सोडला. "घाबरवलंस की गं."

धूसर डोळ्यांना समोरचे ओठ दिसत नव्हते. कुठला आवाज कुणाचा, हे तिला कळायचं काही साधन नव्हतं. द्वारका पुन्हा बोलली. "अक्का, मी बोलतेय. ही नाही. मी, समोर बसलेली."

"मी बोलतेय, अक्का," पेटी म्हणाली. "समोर बसलेली." आणि मग, टेकलेली ती अक्काचीच छाती होती आणि अजून धडधडत होती म्हणून असेल, पेटीनं आपल्याकडचं सगळ्यांत मऊ ते बाहेर काढलं. एका पुरुषाचा, थोडा घोगरा, हसरा आवाज. "आई, झोपलीस का? मी रंगा."

रंगा सुट्टीला आला की आईशी बोलायचा ते याच पेटीसमोर. अक्काचा चेहरा उजळला. ती पेटीवर वाकली, "बोल रे बाळा, बोल," म्हणाली, आणि बहीण समोर बसलीय हे विसरली.

द्वारका बघत राहिली. तिच्याकडं होता नव्हता तो सगळा आवाज यंत्राकडं होता. हसू, रडू, पत्राचा, प्रार्थनेचा, शोकाचा. चाळीस तास. स्वच्छ, घासूनपुसून, तेविसाव्या वर्षी केंद्रावर आल्या दिवसापासून शिकलेला. त्याआधीचा मात्र तिथं कुणी भरून घेतला नव्हता. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाई, हे हेल इथं चालायचे नाहीत. मग तिनं ते गिळले. घरीसुद्धा ती रेडिओचंच बोलू लागली, आणि अक्कानंही धाकटीच्या कौतुकानं तेच उचललं. माळावर शेळ्यांमागं हिंडताना दोघी जशा बोलायच्या, तसं चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

ती उठून पलंगावर बसली. अक्काचा पंजा तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. पेटी दोघींच्या मधे होती आणि रंगाच्या आवाजात उद्याच्या गाडीचं सांगत होती.

"अक्के," द्वारका म्हणाली. आवाज फाटका आला, चिरका, अनोळखी. "ए अक्के. हिकडं बघ."

अक्कानं मान उचलली.

पेटी गप्प झाली. हा आवाज तिच्याकडं नव्हता; पुढचं वाक्य ती शोधत राहिली.

"त्यो न्हवं त्यो. रंगा ग्येला गं आपला. सव्वीस दिस झालं. इजंनं ग्येला. मला ठावं हुतं, त्याच दिशी ठावं हुतं. तुला सांगाय मला त्वांड न्हवतं, म्हून म्या त्याचं नाव रेडूवर टाकलं."

पेटीला अजून वाक्य सापडलं नव्हतं, आणि अक्कानं ती बाजूला सारली.